पाचवा का

वाल्मिक मुकादम खडूने गोल काढत होता. एका पॅनेलवर तीन, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्याच्या कडेला एक लांबट. भेग केसाएवढी असली तरी तो वाकून, बोट फिरवून ती शोधायचा आणि तिच्याभोवती पांढरी रेघ ओढायचा. तीन नंबरच्या रांगेत कंपाउंड भिंतीची अठ्ठावीस पॅनेलं होती. सकाळचे साडेआठही वाजले नव्हते आणि खडूची दुसरी कांडी संपत आली होती.

मनकर्णा चार पावलांवर पाण्याचा पाइप धरून उभी होती. पाणी सोडायचं ती विसरली होती. भेगा कशाने पडल्या हे तिला पहिला गोल काढायच्या आधीच कळलं होतं.

रांग तिची नव्हती, सुरय्याची होती. पण काल दुपारी वाल्मिकने सुरय्याला मिक्सरखाली सांडलेली खडी भरायला बोलावलं, तेव्हा जाता जाता ती यार्डाच्या पलीकडून ओरडली होती, "माझ्या रांगंला दोनचं पानी मार गं!" मिक्सर घरघरत होता, तरी मनकर्णाला शब्द न् शब्द ऐकू आला होता. तिने हात वर करून दाखवलाही होता. मग तिने आपली चार नंबरची रांग भिजवली, आणि एप्रिलच्या उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून एका मोठ्या चौकोनी पाइपाच्या सावलीला टेकली. डोळे उघडले तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. तीन नंबरची पाटी लालच होती. पाणी मारलं की पाटी फिरवून हिरवी करायची, असा नवा नियम होता. चार वाजता तिने त्या रांगेवर दुप्पट पाणी ओतलं, पाटी हिरवी केली आणि कुणाला काही बोलली नाही.

"सगळ्यांनी शेडमध्ये या," वाल्मिक म्हणाला. "सायेब बोलावत्यात."

घोडेगावच्या फाट्यावरून सोनईकडे जाताना हे यार्ड लागायचं. गटारींची झाकणं, नाल्यावरचे चौकोनी पाइप, भिंतींची पॅनेलं, असलं सगळं इथे साच्यात ओतून तयार व्हायचं. काँक्रीट साच्यातून निघालं की आठवडाभर त्याला पाणी पाजावं लागतं, आणि ते काम चार बायकांचं होतं. मनकर्णा, सुरय्या, विजयमाला आणि सविता. मनकर्णा आणि सुरय्या सगळ्यात जुन्या, अकरा वर्षांपासून इथे असलेल्या. एकीचा डबा दुसरीने उघडला तरी विचारायची गरज नसायची.

ओंकार इंजिनियर जानेवारीत आला. मूळ जामखेडकडचा, शिकून पुण्याला नोकरी केलेला, तिशीच्या आतला. त्याआधी गावाने यार्डाच्या फाटकाला दोन दिवस कुलूप घातलं होतं. यार्डाच्या बोअरने गावचा हापसा आटला, असं ग्रामसभेत ठरलं होतं आणि ते खरंही होतं. मालकांनी ओंकारला आणला तो पाणी कमी करायला, सिमेंट कमी करायला आणि तुटफूट थांबवायला. त्याने पहिल्याच दिवशी शेडच्या भिंतीवर फळा लावला आणि वर मोठ्या अक्षरात 'लीन' असं लिहिलं.

"लीन म्हंजी देवापुढं हुत्यात तसं?" विजयमालाने विचारलं होतं.

ओंकार मनापासून हसला होता. "ते वेगळं, मावशी. हे म्हणजे सडपातळ. कामाच्या अंगावरची चरबी काढायची. जे वाया जातं ते शोधायचं आणि थांबवायचं."

तो वाईट माणूस नव्हता. बायकांना सावलीसाठी त्यानेच हिरवं कापड बांधून दिलं, पायांत घालायला रबरी बूट दिले. कामाबद्दल कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, हे मनकर्णाच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. तळहात ठेवून पॅनेल किती तापलंय हे ती कसं ओळखते, ते त्याने तीन दिवस तिच्या मागे हिंडून वहीत उतरवून घेतलं होतं.

आता तो फळ्यापुढे उभा होता. चौघी बाकावर बसल्या. वाल्मिक खांबाला टेकून खडूने भरलेले हात पँटला पुसत होता.

"आपण माणूस शोधत नाही आहोत," ओंकारने सुरुवात केली. "कारण शोधतोय. कुणालाही शिक्षा नाही. पाच वेळा 'का' विचारायचं, की मुळाशी पोचतो. भेगा का पडल्या?"

"वरून लवकर वाळलं," वाल्मिक म्हणाला.

ओंकारने ते लिहिलं. "लवकर का वाळलं?"

"दोनचं पानी पडलं न्हाई. तीनला मी चक्कर मारली तवा पाटी लालच हुती. बोलनार हुतो, तेवढ्यात ट्रक आला भरायला."

ओंकारने 'दोनचं पाणी नाही' एवढंच लिहिलं. ट्रकचं लिहिलं नाही. "का नाही पडलं?"

सुरय्या गुडघ्यावर हात ठेवून अर्धवट उठली. तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखायचा. "रांग माझी, सायेब. मला खडी भराया बोलावलं हुतं. मी मनकर्णाला सांगून गेल्ते."

सगळे मनकर्णाकडे बघू लागले.

यार्डात येण्याआधी मनकर्णाने नऊ हंगाम ऊस तोडला होता. पहाटेच्या दहिवरात ओला पाला, पाचटाने चिरलेली बोटं, माळावर उभं केलेलं पाल आणि त्या पालात जन्मून महिन्याच्या आत गेलेलं तिचं दुसरं लेकरू. यार्डात काम लागलं तेव्हापासून ती रोज संध्याकाळी आपल्या छपराखाली येऊन झोपत होती. तेवढंच तिने देवाकडे मागितलं होतं. आता बाकावर बसल्या बसल्या तिला त्या पाल्याचा वास आला.

"मावशी," ओंकार हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही का नाही मारलं?"

"मला ऐकूच न्हाई आलं."

सुरय्या तिच्याकडे वळली. "अगं, तू तर हात…" एवढं बोलून ती थांबली. तिची नजर मनकर्णाच्या हातावर गेली, मग चेहऱ्यावर आली. मनकर्णाने नजर हलवली नाही. हलवली तर संपलं, हे तिला कळत होतं.

"ऐकू का नाही आलं?" ओंकारने विचारलं. हा पाचवा होता.

"मिक्सर चालू हुता," मनकर्णा म्हणाली. "तिनं सांगितलं असंल. मी न्हाई म्हनत न्हाई. पर मला न्हाई ऐकू आलं."

मग सुरय्याच म्हणाली, "खरंय. मिक्सर चालू हुता. ऐकू गेलं का न्हाई ते मी जवळ जाऊन बघाया पायजे हुतं. गुडघा दुखतो म्हनून लांबनंच वरडले. माझंच चुकलं, सायेब."

"चूक कुणाचीच नाही, मावशी," ओंकार म्हणाला आणि फळ्यावर पाचव्या ओळीत सुबक अक्षरात लिहिलं: निरोप पोचल्याची खात्री केली नाही. खाली त्याने दुहेरी रेघ मारली.

दुपारी दोघी एकत्रच जेवल्या. सुरय्याने डब्यातलं अंड्याचं कालवण नेहमीसारखं निम्मं मनकर्णाच्या भाकरीवर ओतलं. मनकर्णाने ते खाल्लं. आणखी एक भाकरही खाल्ली.

पुढच्या पंधरा दिवसांत ओंकारने रांगांवर गोणपाट अंथरलं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या काळ्या नळ्या टाकल्या. तोटी सोडली की गोणपाट आपोआप भिजायचं आणि ओल टिकवून धरायचं. पाणी निम्म्याहून कमी लागायला लागलं. बायका दिवसभरात किती पावलं चालतात तेही त्याने मोजलं. आधी चौघींची मिळून बावीस हजार व्हायची, आता नऊ हजार. एका सोमवारी त्याने सुरय्याला ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. ती बाहेर आली तेव्हा पदराचं टोक तिने मुठीत गच्च धरलं होतं.

"तिघीत हुतंय म्हनले," तिने सांगितलं. "माझा गुडघा बी हाय, आन् त्या दिवशीचं ते पॅनेलाचं बी हुतंच. लई चांगलं बोलले. उठून दारापोत्तर सोडाया आले."

विजयमाला आणि सविता रडल्या. मनकर्णाला रडू आलं नाही. तिने सुरय्याचा डबा पिशवीत भरून दिला, पिशवीचा बंद दोनदा बांधला. फाटकाशी सुरय्या तिला म्हणाली, "तू मनाला लावून घिऊ नको. मीच खात्री कराया पायजे हुती."

"न्हाई लावून घेत," मनकर्णा म्हणाली.

टेम्पो सोनईच्या दिशेने गेला. मनकर्णा परत येऊन तोटीपाशी उभी राहिली, आणि खोल श्वास घेतला. छाती हलकी झाली होती. त्या हलकेपणाची तिला त्या क्षणी लाजही वाटली नाही. ती नंतर आली, थोडी थोडी, डबा उघडताना, एकटीने गोणपाट ओढताना. पण आली तरी काम चालू राहिलं.

मे महिना संपता संपता एक नंबर आणि दोन नंबरच्या रांगांतही भेगा निघाल्या. तशाच, केसाएवढ्या. त्या रांगांचं एकही पाणी चुकलं नव्हतं. ओंकारने काँक्रीटचे तुकडे तपासणीला पाठवले. दहा दिवसांनी अहवाल आला तेव्हा तो लहान मुलासारखा खूश होऊन शेडमध्ये आला.

"सापडलं!" तो म्हणाला. "आपण सिमेंट कमी करून त्यात राख वाढवली ना? राखेचं काँक्रीट घट्ट व्हायला वेळ जास्त घेतं. आणि आपण साचे मात्र जुन्याच वेळेला काढत होतो. कोवळं असतानाच उचलत होतो. आता साचा चार तास उशिरा काढायचा, बस्स. भेगा बंद."

मनकर्णाच्या हातात गोणपाटाची घडी होती. "मंग तीन नंबरच्या?"

"त्याही त्याच. पाण्याचा काही संबंधच नव्हता, मावशी. एक वेळचं पाणी चुकून इतकं होत नाही. आपला पाचवा 'का' चुकला होता."

त्याने फडकं घेतलं आणि फळ्याच्या कोपऱ्यात दोन महिने राहिलेली ती ओळ पुसून टाकली. पहिल्या फटक्यात पुसली गेली नाही. थुंकी लावून पुसली.

मनकर्णाने घडी खाली ठेवली. "मंग सुरय्याला परत बोलावनार?"

ओंकारला प्रश्न कळला नाही. "कशाला?"

"तिची चूक न्हवती ना."

"चूक म्हणून काढलंच नव्हतं, मावशी. मी तेव्हाही सांगितलं होतं." तो समजावणीच्या सुरात बोलत होता, आणि त्यात खोटेपणा नव्हता. "आता बघा, दीड महिना तिघींत काम चाललंय. काही अडलं का? म्हणजे चौथी जागा मुळातच जास्तीची होती. त्या भेगा पडल्या नसत्या तर ते आपल्या लक्षातही आलं नसतं. गावच्या हापशाला पाणी आलंय, तुम्हीच सांगितलंत परवा."

आलं होतं. मनकर्णाने त्याच हापशाचं पाणी सकाळी भरलं होतं.

"पर काडायचीच हुती तर तीच का?" तिने विचारलं.

ओंकारने फडकं झटकलं. "कुणीतरी एक निवडावं लागतंच ना," तो म्हणाला. "तेव्हा जे समोर होतं त्यावरून निवडलं." मग त्याने घड्याळ बघितलं आणि साच्यांकडे गेला.

गुरुवारी वीज नसायची म्हणून यार्डाला सुट्टी असे. त्या गुरुवारी मनकर्णा सोनईला गेली. जाताना टेम्पोत तिने सगळं मनाशी घोकून ठेवलं. आधी अहवालाचं सांगायचं. मग त्या दुपारचं सांगायचं. मला ऐकू आलं हुतं, सुरय्या. मी झोपले हुते. एवढी दोन वाक्यं. ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती, आणि ओठ हलताहेत हे शेजारच्या बाईच्या नजरेने कळल्यावर तिने तोंडाला पदर लावला.

सुरय्या ओट्यावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्याला पट्टी बांधलेली, पट्टीखाली सूज. घोडेगावात कांद्याच्या वखारीवर जाते म्हणाली. दिवसभर उकिडवं बसून कांदा निवडायचा. उठताना दुसऱ्या बाईचा हात धरावा लागतो. तिच्या लुगड्याला, केसांना, सगळ्या घराला कांद्याचा उग्र दर्प होता.

"लई दिसांनी आलीस," ती म्हणाली. "बस. आयेशा, मावशीला पानी दे."

मुलीने पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. मनकर्णाने तांब्या हातात धरूनच सांगायला सुरुवात केली. भेगांचं, राखेचं, साच्यांचं, अहवालाचं. सुरय्या ऐकत राहिली. आधी तिला समजलं नाही, मग समजलं, आणि तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"म्हंजी पान्यानं न्हाई झालं?"

"न्हाई."

"माझ्यामुळं न्हाई झालं?"

"न्हाई. फळ्यावरलं बी पुसलं सायेबांनी."

सुरय्याचे डोळे भरून आले. ती एकदम हसली, मग हसता हसता रडायला लागली. "अगं, दीड महिना मी ह्येच करत बसले. कांदा निवडताना बी त्येच. अठ्ठावीस पॅनेलं माझ्या आळसानं गेली. मालकाचं गेलं, अन् तुला बी समद्यांम्होरं उत्तर द्यावं लागलं माझ्यापायी. नमाजाला बसले तरी त्येच डोक्यात." तिने डोळे पुसले. "आन् खरं सांगू का? मधी मधी वंगाळ इचार यायचा. वाटायचं, मनकर्णानं हात वर केल्ता. मी बघितला हुता. मग माझी मलाच शरम वाटायची, की आपली चूक झाकाया आपुन दुसऱ्याचा हात बघतो."

दोन वाक्यं मनकर्णाच्या जिभेवर होती. सुरय्या वाट बघत नव्हती. ती काहीच विचारत नव्हती. नुसती ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती.

"पदर सावरत असंन," मनकर्णा म्हणाली. "लई ऊन हुतं."

"त्येच," सुरय्या म्हणाली. "त्येच असनार." आणि तिने मनकर्णाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "कोन येतंय गं एवढं सांगाया? काम गेलं की मानूस वळख दाखवत न्हाई. तू टेम्पोला पैशे घालून आलीस."

तेवढ्यात सुरय्याचा नवरा मोहियोद्दीन आला. तो गॅरेजमध्ये पंक्चर काढायचा. हात काळे होते. सुरय्याने त्याला चप्पल काढायच्या आधीच सांगायला घेतलं, मग मध्येच थांबली. "तूच सांग गं, मनकर्णा. माझ्या तोंडनं ह्यांना खरं वाटनार न्हाई. पैल्यापून सांग."

मनकर्णाने पहिल्यापासून सांगितलं. या वेळी तिला ते जास्त चांगलं सांगता आलं. कुठे थांबायचं, काय गाळायचं, हे आता तिला माहीत झालं होतं. मोहियोद्दीन उभ्यानेच ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने बायकोकडे बघितलं, आणि काळे हात तसेच जोडून मनकर्णाला नमस्कार केला.

"लई उपकार झाले, ताई. म्या बी हिला बोललो हुतो. तुझ्या निष्काळजीपनानं गेलं म्हनलो. चार दिस जेवली न्हवती."

जेवल्याशिवाय त्यांनी तिला सोडलं नाही. कालवणात अंडी होती. ऊन कलल्यावर मोहियोद्दीन तिला मोटरसायकलवर फाट्यापर्यंत सोडायला निघाला. यार्डाच्या फाटकावरून जाताना त्याने वेग कमी केला आणि भिंतीवरून आत दिसणाऱ्या गोणपाटाच्या रांगांकडे मान वळवून बघितलं.

फाट्यावर ती उतरली. त्याने गाडी बंद केली नाही.

"ताई, तिची ती रांग," त्याने विचारलं, "आता कोन बघतं?"

मनकर्णाने पदर नीट केला.

"मीच."

"मंग बरंय," मोहियोद्दीन म्हणाला. "घरच्याच मान्साकडं हाय म्हना."